मदत हवी आहे : ब्राझीलचा अवर्षण चतुष्कोन मुलांना कसा समजावू?

दहावीला भूगोल शिकवते. ब्राझीलच्या हवामानापाशी अडलंय. विषुववृत्ताजवळच्या मॅनॉसला वर्षाला २००० मिमीहून जास्त पाऊस, आणि त्याच देशाच्या ईशान्येला, अवर्षण चतुष्कोन म्हणतात त्या कोरड्या भागात, जेमतेम ६०० मिमी! पर्जन्यछाया सांगताना मी आपल्या साताऱ्याचं उदाहरण देते. महाबळेश्वर चिंब, म्हसवड कोरडं; मुलांना लगेच पटतं. पण ईशान्येच्याच सिआरा राज्यात कोरडा पट्टा थेट समुद्राला भिडतो. तिथे ढग अडवायला डोंगर कुठे आहे? एका मुलीने नेमकं हेच विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. अटलांटिकच्या पाण्याचं तापमान आणि विषुववृत्तीय कमी दाबाच्या पट्ट्याचं सरकणं यांचा याच्याशी संबंध सोप्या मराठीत कोणी समजावेल का? शिवाय सेराडोत (मध्य ब्राझीलचा गवत आणि विरळ झाडीचा प्रदेश) सोयाबीनसाठी होणाऱ्या जंगलतोडीचे जुने-नवे उपग्रह फोटो हवेत. धडा पुढच्या आठवड्यात घ्यायचाय.