स्वप्न आहे हे कळताच जाग येते, त्याबद्दल
सजग स्वप्नांचा, म्हणजे झोपेतच 'हे स्वप्न आहे' असं ओळखून ते पुढे पाहत राहण्याचा, सराव करताना ते कळताक्षणी जाग येते, असं तुम्ही लिहिलंय. सुरुवातीला अनेकांचं हेच होतं. आनंदाच्या भरात झोप मोडते. अशा वेळी स्वप्नातच तळहात एकमेकांवर घासा, पायाखालची जमीन जाणवून घ्या. लगेच उडायला जाऊ नका! मला याचाच सर्वात जास्त उपयोग झाला. शिवाय पाचेक तास झोपून उठा, थोडा वेळ जागं राहा आणि मग पुन्हा झोपा, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. कुणी सजग स्वप्नांना थोतांड म्हटलं तर सांगा, १९७५ साली इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने स्वप्नातून डोळे हलवून दिलेली ठरलेली खूण यंत्रावर टिपली होती. मात्र झोप आधीच अपुरी असेल तर हे मध्येच उठणं सुट्टीच्या आदल्या रात्रीच करा.