शरणागती, समर्पण की वाहून घेणे?

एका स्मरणिकेसाठी लेख लिहितो आहे. आजारपण, कर्ज, घरातले मृत्यू असं एकामागून एक सोसलेला माणूस शेवटी सगळं देवावर सोपवतो आणि पुढचं आयुष्य रुग्णांच्या शुश्रूषेत घालवतो. 'शरणागती पत्करली' लिहिलं तर तो हरल्यासारखा वाटतो. 'समर्पण केले' म्हणजे सत्कार समारंभातलं भाषण. 'देवावर हवाला ठेवला' चालेल का?

— हवाला नको. मूळ शब्द अरबी, अर्थ दुसऱ्याच्या ताब्यात देणं. हवालदार त्याच घरातला. पण आज आपण 'देवावर हवाला ठेवून बसला' असंच म्हणतो, आणि सगळी गोम त्या 'बसला'त आहे. तुमचा माणूस तर उठून कामाला लागलाय. शरणागतीचं म्हणाल तर १९७१ साली ढाक्यात पाकिस्तानी फौजेने पत्करली ती शरणागती. 'देवाला शरण गेला' मात्र अजून स्वच्छ आहे. नाम टाळा, क्रियापद वापरा.

— 'वाहून घेणे' कुणालाच कसं आठवलं नाही? फूल वाहतो, बेल वाहतो, तसं स्वतःला वाहायचं. 'ठेविलें अनंतें' हा तुकोबांचा अभंग शेवटपर्यंत वाचा. 'वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ' इथे वाहणं म्हणजे ओझं वागवणं. लगेच पुढे 'घालूं तयावरी भार, वाहूं हा संसार देवापायीं', म्हणजे अर्पण करणं. तोच धातू, दोन ओळींत दोन अर्थ, आणि जे ओझं होतं तेच पायाशी वाहिलं जातं. याहून नेमकं काय हवं?

— मान्य. पण 'वाहून घेतले' म्हटलं की देव कुठे राहिला? हल्ली माणसं क्रिकेटलाही वाहून घेतात!

— म्हणून दोन क्रियापदं लागतील. देवावर भार घातला, सेवेला वाहून घेतलं. तुकोबांचंच बघा. १६३०च्या सुमाराचा दुष्काळ, घरात मृत्यू, धंदा बुडालेला. त्यावर म्हणतात, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. दिवाळं हा पेढीवरचा शब्द, वाण्याच्या तोंडचा. पंडिताला सुचला नसता. परंपरा सांगते की भावाच्या वाट्याची कर्जखतं त्याला देऊन आपली त्यांनी इंद्रायणीत बुडवली. म्हणजे ते देवाला शरण गेले आणि सुटले आधी ऋणको.

— एक सावधगिरी. 'वाहून घेणे'मधलं 'घेणे' गाळू नका. 'देवाला वाहिली' याचा अर्थ फार वेगळा होतो. मुली देवाला वाहायची चाल मोडायला मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा करावा लागला. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. 'घेतले'मुळे ते स्वतःहून केलं असं होतं. (शब्दकोशात सहायक क्रियापदांना इतकी कमी जागा का देतात, कोण जाणे.)

— मग असं लिहू? 'सगळा भार देवावर घालून त्याने स्वतःला रुग्णसेवेला वाहून घेतले.'

— चालेल. 'स्वतःला' तेवढं काढा, 'घेतले'त ते आलंच. आणि 'रुग्णसेवेला'पेक्षा 'रुग्णांच्या सेवेला' बरं, माणसं दिसतात.