पॉइंट २२ रायफलची नळी झिजली आहे की काडतुसांचा नवा लॉट (एकाच वेळी बनलेला माल) जुळत नाही? तपासणी कुठून सुरू करावी (इंदूर)

सुदामानगर_५०मी:

नमस्कार मंडळी. क्लबची पॉइंट २२ मॅच रायफल आहे, पन्नास मीटरला प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री-पोझिशनसाठी (गुडघ्यावर, झोपून, उभ्याने) तीन ज्युनिअर मुली वापरतात. वहीप्रमाणे नळीतून ३८,००० राउंड गेलेत. दिवाळीपर्यंत दहा गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) काठापासून काठापर्यंत १५-१६ मिमी यायचा. आता २२ ते २४ येतो, आणि प्रत्येक दहात एक-दोन गोळ्या निसटतात, बहुतेक वर किंवा खाली. मधल्या काळात जुना लॉट संपला. नवा लॉट त्याच नावाचा, त्याच डब्यातला. साफसफाई दर ५०० राउंडांनी फेल्टच्या बोळ्यांनी होते, ब्रश कधी घातलेला नाही.

एक मत असं की नळी गेली, बदला. दुसरं मत, लॉट बदला. हाताशी चार लॉटचे थोडे थोडे डबे आहेत, पण कोट्यातल्या गोळ्या मोजून वापराव्या लागतात. ३०० राउंडांत निकाल लागेल अशी पद्धत हवी आहे.

महूनाका:

ताई, नळीला दोष देण्याआधी चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा पहिला अर्धा इंच बघा. ब्रश कधीच घातला नसेल तर तिथे कार्बनचं कडं बसलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. काडतुसाचं तोंड जिथे संपतं, त्याच्या लगेच पुढे जळलेली पावडर, शिसं, गोळीवरचं मेण आणि प्रायमरमधली काचेची पूड असा थर साचतो आणि दर राउंडला भाजून पक्का होतो. फेल्टचा बोळा त्यावरून नुसता सरकतो. बाकी नळी आरशासारखी दिसते आणि कडं मात्र जागच्या जागी राहतं.

ओळखायचं कसं? रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, एक काडतूस भरा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) बंद करा आणि न उडवता बाहेर काढा. मॅच चेंबरमध्ये गोळीवर रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) खुणा सगळीकडे सारख्या उमटतात. कडं असेल तर एका बाजूचं मेण खरवडलेलं दिसतं, कधी कधी शिशाची बारीक साल निघते. बोल्टही शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला जड जातो. मेण असं निघालं की ती गोळी बाकीच्यांपेक्षा वेगळी चालते. निसटणाऱ्या गोळ्यांचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

काढताना: रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) आत. कार्बन काढायच्या द्रवात भिजवलेला पॅच चेंबरच्या पुढे नेऊन १०-१५ मिनिटं तसाच ठेवा. मग आखूड, न फिरणाऱ्या मुठीवर कांस्याचा ब्रश लावून त्याच जागी हाताने १५-२० फेरे द्या. नेहमीच्या रॉडची मूठ बेअरिंगवर फिरते, त्यामुळे तिथे ब्रश जागीच राहतो आणि कडं सुटत नाही. नंतर ओला पॅच, मग कोरडे, काळं येणं थांबेपर्यंत. रॉड नेहमी चेंबरकडून मझलकडे (नळीच्या पुढच्या तोंडाकडे). मझलबाहेर आल्यावर पॅच काढून टाका, मगच रॉड हळू मागे घ्या. क्राउनला (मझलच्या कडेला) रॉड घासला तर ते नुकसान कुठल्याच लॉटने भरून निघत नाही. तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट इथे निरुपयोगी, आपली गोळी उघड्या शिशाची. काम झालं की हात साबणाने धुवा, विशेषतः मुली साफसफाई करत असतील तर.

शून्यदशांश:

महूनाका यांच्याशी सहमत. पण साफ केल्याकेल्या लॉट तपासायला बसू नका. कोरड्या नळीत मेणाचा पातळ थर बसायला १५-२० राउंड लागतात, तोवर ग्रुप इकडेतिकडे भटकतो. लॉट किंवा कंपनी बदलली की हेच पुन्हा, फक्त दहा-एक गोळ्यांत, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं.

त्याआधी आणखी दोन जागा, दोन्हींना एकही गोळी लागत नाही. स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू टॉर्क रेंचने बघा. अॅल्युमिनियमच्या स्टॉकला ५ न्यूटन-मीटरच्या आसपास चालतं, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडाच धरा. नळी आणि फोरएंडच्या (स्टॉकच्या पुढच्या भागाच्या) मध्ये डायल इंडिकेटर लावून पुढचा स्क्रू सैल-घट्ट करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर बेडिंग (स्टॉकमधली बैठक) नीट बसलेलं नाही.

दुसरी जागा फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई). चूक वर-खाली आहे म्हणून हे आवर्जून. स्प्रिंग दमली किंवा बोल्टमध्ये ग्रीस घट्ट झालं (डिसेंबरातल्या इंदूरच्या सकाळी होतंच) तर रिमवरचा (काडतुसाच्या मागच्या कडेवरचा) आघात कमी-जास्त पडतो आणि वेग हलतो. हिशोब बघा: गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने जाते, पन्नास मीटरला ०.१५ सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात ती साधारण १२ सेंटीमीटर खाली येते. वेग १० मीटरने घटला तर आणखी सात-आठ मिमी. आपल्या टार्गेटवर एका रिंगचं अंतर ८ मिमी आहे. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण गुण, आणि नेमणाऱ्या मुलीची चूक शून्य. रिकाम्या केसेस ओळीने मांडून रिमवरचे ठसे भिंगातून बघा. खोली सारखी नसेल तर बोल्ट उघडून पुसा, स्प्रिंग बदला.

आता लॉट. ३०० राउंडांत बसतं. पहिल्या दिवशी चार लॉट, प्रत्येकी एक डबा: पहिल्या दहा गोळ्या मेण बसवायला, बाकी ४० म्हणजे दहा-दहाचे चार ग्रुप. दुसऱ्या दिवशी फक्त चांगले दोन, उलट्या क्रमाने, पुन्हा एकेक डबा. क्रम उलटायचा कारण पहिल्या लॉटला थंड हवा आणि शेवटच्याला ऊन मिळतं, आणि मग आपण हवेची तुलना करत बसतो. उघड्या रेंजवर आठच्या आत संपवा, नंतर वाऱ्यावर भरवसा नाही. पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी, टेबल जड हवं. व्हाइस (रायफल पकडून ठेवणारा शिकंजा) मिळाला तर उत्तमच.

सुदामानगर_५०मी:

दोघांचे आभार, फार उपयोगी माहिती. दोन शंका आहेत. पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेतले तर गोळ्या वाचतील, चालेल का? आणि बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचं यंत्र) घालून पाहिला. चेंबरपुढे कडं आहेच, शिवाय खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, राखाडी खडबडीत पट्टा दिसतो. हीच झीज ना?

शून्यदशांश:

पाच गोळ्या फसवतात. एकाच लॉटचे दहा-दहाचे ग्रुपसुद्धा १३ मिमी ते १९ मिमी असे येतात आणि त्यात फरक फक्त योगायोगाचा असतो. पाचाच्या ग्रुपात तो गोंधळ आणखी वाढतो. मग सर्वात छोटा ग्रुप देणारा लॉट निवडला जातो आणि पुढच्या डब्यात तो तसा वागत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ४० गोळ्यांचे एक्स-वाय आकडे घ्या, प्रत्येक ग्रुपचा मध्य काढा, चारही मध्य एकावर एक आणा आणि मध्यापासूनच्या अंतरांची सरासरी काढा. या सरासरीत चाळीसही गोळ्या बोलतात, ग्रुपच्या मापात फक्त टोकाच्या दोन.

कागदावर मोजणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा: दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिमी, गोळी ५.६. म्हणून मध्यावर बसलेला ग्रुप काठापासून काठापर्यंत २१.६ मिमीच्या आत असेल तर सगळे दहा. २४ मध्ये नऊ येणारच.

रामबाग_आर्मरर:

सहा वाजताचा पट्टा म्हणजे झीजच, पण घाबरण्यासारखं त्यात लगेच काही नाही. न जळलेले कण आणि काचेची पूड नळीच्या तळाला पडून राहते, पुढची गोळी ती दाबत नेते, म्हणून पॉइंट २२ मध्ये झीज खालच्या बाजूला आधी दिसते.

परदेशातल्या लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलींबद्दल वाचून इथे बरेच जण आकडे उचलतात, ते इथे लावू नयेत. मॅग्नम काडतुसात ६०-७० ग्रेन पावडर जळते, तिच्या तापाने चेंबरपुढचं पोलाद तडकतं, आणि नळी हजार-दोन हजार राउंडांत मॅचच्या कामातून जाऊ शकते. ते लोक स्वतः काडतुसं भरतात, त्यामुळे थ्रोट (रायफलिंग सुरू होतं ती जागा) जसा पुढे सरकतो तशी गोळी थोडी बाहेर बसवून वेळ काढतात. आपलं काडतूस कारखान्यातून बंद येतं, पावडर एक-दोन ग्रेन, ताप किरकोळ. आपल्या हातात बदलण्यासारखा एकच भाग राहतो, तो म्हणजे लॉट. मॅच नळ्या पन्नास हजारांपुढेही चांगल्या चालतात. ३८,००० या आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

कडं पूर्ण निघाल्यावर पुन्हा बोअरस्कोप घाला. पट्टा चेंबरपुढे दोन-तीन सेंटीमीटरच असेल आणि पुढचं रायफलिंग धारदार असेल, तर नळी मागून तेवढी कापून चेंबर नव्याने पाडता येतं. ते लायसन्सधारी आर्मररकडूनच, घरच्या लेथवर नको. मग घट्ट पॅच रॉडवर हळू ढकलून बघा. हाताला सारखा विरोध लागला पाहिजे, शेवटच्या १० सेंटीमीटरला किंचित जास्त असेल तर उत्तम. मझलजवळ सैल पडत असेल तर चेंबर नव्याने पाडून उपयोग नाही, तेव्हा नळीच बदला. क्राउनवर कापसाची काडी आतून बाहेर फिरवा, धागा अडकला तिथे ओरखडा आहे.

कडं काढून, पिन आणि स्क्रू बघून, चारही लॉट चाळीस-चाळीस गोळ्यांनी २० मिमीच्या वर गेले तरच नळीबद्दल बोलू. आणि एखादा लॉट जुळला तर त्याचा नंबर डब्याच्या पाकळीवरून वहीत उतरवा आणि कोट्यात बसेल तेवढा त्याच नंबरचा माल एकदम उचला. नाव तेच असलं तरी नंबर बदलला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून.