टाइलच्या नुसत्या दरावर जाऊ नका
घर बांधण्याच्या खर्चावर कुणीतरी म्हटलंय की घराचा सांगाडा ठरला की खर्च ठरला, फिनिशिंग किरकोळ. नाही पटलं. बजेट फुगतं ते प्लास्टरनंतरच. सगळे टाइलचा दर विचारतात, बसवण्याचा कुणीच नाही! ८०० बाय १६०० मिमीची टाइल घेतलीत की खालचा थर एकदम सपाट हवा, टाइल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह हवं, मजुरीही चढते. तिरकी बसवलीत तर कापाकापीत साधारण १५ टक्के माल जादा धरा. सरळ मांडणीत १० टक्क्यांत भागतं.

बाथरूमच्या भिंतीत दडणारे डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारे), फ्लश टँक मात्र प्लास्टरआधीच पक्के करा. नंतर मन बदललं तर टाइल फोडा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करा. हँडल, दिवे, पडदे कधीही बदलता येतात, तिथे खुशाल हात आखडा.