बलात्कार, अतिप्रसंग, विनयभंग : कुठे कोणता शब्द?

सिडकोकर :
पेपरात एकाच बातमीत हेडिंगला अतिप्रसंग, आत लैंगिक अत्याचार आणि शेवटी 'बलात्काराचा गुन्हा दाखल' असं असतं. परवा बारावीतल्या भाचीने विचारलं, मामा हे सगळं एकच का. कायद्यात नेमके कोणते शब्द आहेत आणि त्यांच्यात फरक काय?

पंचवटीकर (नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात वकिली) :
दादा, एकच नाही, आणि फरक मोठा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात बलात्काराची व्याख्या कलम 63 ला आणि शिक्षा 64 ला, कमीत कमी 10 वर्षं ते जन्मठेप. विनयभंग, म्हणजे बाईच्या लज्जेला धक्का लावायच्या इराद्याने तिच्यावर केलेला हमला किंवा बळजबरी, कलम 74, तिथे 1 ते 5 वर्षं. जुने लोक अजून 376 आणि 354 च म्हणतात, ते आयपीसीचे, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचे नंबर. अतिप्रसंग मात्र कायद्याचा शब्दच नाही. त्याचा अर्थ मर्यादा सोडून वागणं, आणि पेपरवाले तो सोज्वळ वाटतो म्हणून वापरतात, पण मग वाचणाऱ्याला कळतच नाही की हात धरला होता की बलात्कार झाला होता. हे मला फार चुकीचं वाटतं.

आणि 2013 च्या दुरुस्तीनंतर बलात्काराची व्याख्या पुष्कळ रुंद झालीय, फक्त संभोगच नाही तर तोंडाने केलेलं कृत्य, बोट किंवा एखादी वस्तू घालणं हेही त्यात येतं. बऱ्याच जणांना, अगदी शिकलेल्यांनाही, हे माहीत नसतं आणि ते याला नुसता विनयभंग समजतात.

गंगापूररोडकर :
वकीलसाहेब, विनयभंग या शब्दावरच माझा आक्षेप आहे. भंग बाईच्या विनयाचा झाला असं म्हणायचं म्हणजे तिचंच काहीतरी मोडलं, गुन्हा करणारा वाक्यात दिसतच नाही. 1860 पासून हा विचार कायद्यात आहे, नवीन संहितेतही तसाच ठेवलाय. पंजाबातल्या एका खटल्यात साडेसात महिन्यांच्या बाळावर अत्याचार झाला होता, तर हायकोर्टात बहुमताने ठरलं की एवढ्या लहान मुलीला विनयाची जाणीव नसते म्हणून 354 लागत नाही. 1966 साली सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, पण असा युक्तिवाद उभा तरी कसा राहिला? शब्दामुळेच.

बलात्कारातही 'बलात्' म्हणजे जबरदस्तीने, त्यामुळे लोक पहिलं विचारतात की ओरडली का, अंगावर खुणा आहेत का. कलम 63 तसं विचारत नाही. तिची इच्छा नव्हती, संमती नव्हती, भीती दाखवून किंवा नशेत असताना हो म्हणवलं, ती 18 च्या आतली होती, यातलं काहीही असलं तरी बलात्कारच. आणि स्पष्ट लिहिलंय की तिने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. हे वाक्य असंच आलेलं नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, 1978 ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं कारण अंगावर जखमा नाहीत, मग उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या प्राध्यापकांनी 1979 ला सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 ला कायदा बदलला. पोलीस किंवा सरकारी नोकराच्या ताब्यात असताना संबंध आला हे सिद्ध झालं आणि ती कोर्टात संमती नव्हती म्हणाली, तर नव्हती असंच धरायचं, हे तेव्हा आलं.

सातपूरकर :
मुलग्यांवर झालं तर कोणता शब्द?

पंचवटीकर :
18 च्या आत असेल तर पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा 2012 चा कायदा, त्यात मुलगा मुलगी भेद नाही आणि शब्द आहे लैंगिक हमला. प्रौढ पुरुषासाठी मात्र आता मोठी फट आहे, आयपीसीतलं अनैसर्गिक संबंधांचं कलम 377 नवीन संहितेत घेतलंच नाही आणि 63 मध्ये गुन्हा करणारा पुरुष आणि सोसणारी स्त्री असंच धरलंय. अजून एक, बायको 18 च्या वर असेल तर नवऱ्याला 63 लागत नाही. ताई म्हणाल्या तसं संमती हाच पाया असेल तर लग्न झालं की ती कायमची दिली असं का धरायचं, मला हे कधीच पटलेलं नाही.

सिडकोकर :
ताई, तक्रार द्यायला गेली आणि तिला यातला नेमका शब्द माहीत नसला, किंवा लाजेने 'त्याने वाईट केलं' एवढंच म्हणाली तर?

गंगापूररोडकर :
शब्द तिने निवडायचा नाहीच, दादा. काय काय झालं ते तिच्या भाषेत सांगायचं, जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहायचा, कलम लावणं पोलिसांचं काम. हद्द आपली नाही म्हणून अंबडवरून पंचवटीला पाठवायचं नाही, गुन्हा कुठेही नोंदवून घ्यावाच लागतो, एफआयआरची प्रत फुकट मिळते. लिहिलेलं वाचून घ्यायचं, आणि तिने सांगितलेलं गाळून तिथे नुसतं 'गैरवर्तन' लिहिलं असेल तर सही करायच्या आधी बदलून मागायचं. भाचीला हे आधी सांगा.