बाबा खुर्चीतून उठायलाच तयार नाहीत. त्यांच्याशी बोलायचं कसं?

मैत्रेयी:
बाबा ७४ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यापासून सकाळ पेपरात जाते आणि उरलेला दिवस टीव्हीपुढे. मोठं दुखणं काही नाही, रक्तदाबाची गोळी तेवढी चालू आहे. डॉक्टरांनी तपासून "भरपूर चाला" असं सांगितलंय. आम्ही सगळे रोज मागे लागतो. आधी "उद्यापासून" म्हणायचे, आता "जन्मभर धावपळ केली, जरा बसू द्या" म्हणून विषयच संपवतात.
हल्ली एक नवीन दिसतंय. उठताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवतात, एकदा मागेपुढे झोका घेतात आणि मगच उठतात. मला ते बघवत नाही. कटकट करून ते आणखी हट्टाला पेटतात, मग करू काय?

अनघा (फिजिओथेरपिस्ट):
मैत्रेयी, हा आळस नाही. झोका घेऊन उठावं लागतं म्हणजे मांड्यांतली ताकद कमी झालीय, आणि ते बाबांना तुमच्याही आधी कळलंय. खुर्चीतून उठतानाच ज्याला भरवसा वाटत नाही, तो रस्त्यावर चालायला कसा तयार होईल? पडायची भीती वाटते असं कोणी तोंडाने सांगत नाही. "बसू द्या" एवढंच म्हणतात. म्हणून चालण्याचा विषय काही दिवस काढूच नका. आधी उठबस.
चाकं नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठक खोल वाटली तर खाली घट्ट उशी घाला. पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, आणि नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकून उठायचं. बहुतेक जण ताठ बसून उठू बघतात, तिथेच अडतं. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. बसताना मात्र धपकन बसायचं नाही, सावकाश टेकायचं. खरी ताकद त्या सावकाश बसण्यात येते. श्वास रोखू देऊ नका. जाहिराती लागल्या की चार-पाच वेळा, एवढंच.
या वयात काय ताकद येणार, असं त्यांच्या मनात असेल तर हे सांगा: १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला होता. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते.
उठल्यावर चक्कर, छातीत दुखणं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या गोळीमुळेही उठल्यावर चक्कर येऊ शकते.

सुमनताई:
मी सत्तरी ओलांडलेली, म्हणून बाबांच्या बाजूने लिहिते. माझी लेक रोज फोनवर "आई, चालून आलीस का?" विचारायची. मायेनेच विचारायची गं, पण मला शाळेत हजेरी दिल्यासारखं व्हायचं. मी बाहेर पडायला लागले ती मैत्रिणीमुळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला एकटीने निघायची धास्ती वाटायची. "तू बरोबर असलीस की बरं वाटतं," म्हणाली. कुणाला तरी माझी गरज होती, मग घरी बसवेना. तब्येतीसाठी मी एक दिवससुद्धा गेले नसते.
बाबांना व्यायामाचं विचारूच नकोस. पूर्वी करत होते आणि आता सुटलंय, असं काय आहे ते विचार. आणि विचारल्यावर गप्प बस, उत्तराला वेळ लागतो.

मैत्रेयी:
सुमनताई, विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचनालयाचा जिना." ते पहिल्या मजल्यावर आहे आणि कठडा एकाच बाजूला. आम्हाला वाटत होतं त्यांना वाचायचा कंटाळा आला! उठबस सुरू केलीय, माझ्यासमोर नाही, पण करतात.
एक शंका. भावाने त्यांना पावलं मोजणारं घड्याळ आणलंय आणि १०,००० चं लक्ष्य लावून दिलंय. ठीक आहे ना?

अनघा (फिजिओथेरपिस्ट):
ते लक्ष्य आजच काढून टाका. १०,००० हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक दिसला नाही. ही निरीक्षणं आहेत, चालण्यामुळेच आयुष्य वाढलं असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण रोज संध्याकाळी "नापास" दाखवणारं घड्याळ कोणीही काढूनच ठेवेल. आठवडाभर नुसती मोजू द्या, मग आहेत त्यात थोडी वाढवा.
तुमच्यासाठी खरं लक्ष्य तो जिना आहे, आणि ते त्यांनी स्वतः सांगितलंय हे फार चांगलं झालं. उठबस हात न लावता जमू लागली की जिन्याच्या सगळ्यात खालच्या एकाच पायरीवर चढ-उतर सुरू करा, तुम्ही जवळ उभ्या राहा. चढताना बळकट पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. कठडा एकाच बाजूला असला की चढताना जो हात धरतो, उतरताना त्याच्या विरुद्ध हात धरावा लागतो. बहुतेकांची खरी भीती उतरण्याचीच असते, तेव्हा दोन्ही हातांनी सराव हवा. आणि वाचनालयात जाताना पुस्तकं खांद्याच्या पिशवीत द्या, म्हणजे हात मोकळे राहतील.