खासगी शाळेतील शिक्षक कशामुळे टिकतात?

प्रश्न (पर्यवेक्षिका): आमची शाळा राज्य मंडळाची, स्वयंअर्थसहाय्यित आहे. दर जूनमध्ये चार-पाच शिक्षिका सोडून जातात आणि त्यांच्या वर्गांची घडी पुन्हा बसेपर्यंत दिवाळी येते. शिकवण्याची आवड त्यांच्यात निश्चित आहे. म्हणून संस्थेच्या हाती असलेल्या बाह्य गोष्टींपैकी कशाने शिक्षकाला खरी उमेद मिळते, हे जाणून घ्यायचे आहे. संस्थाचालक 'आदर्श शिक्षक' पुरस्कार सुरू करण्याच्या विचारात आहेत.

माध्यमिक शिक्षिका: पुरस्काराआधी मे महिन्याच्या पगाराकडे पाहावे. माझ्या पूर्वीच्या शाळेत दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर मिळे. उत्तरपत्रिका तपासून निकालपत्रके भरून दिली की सेवा संपे आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करावा लागे. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने सातवीत कच्चे राहिलेले अपूर्णांक आठवीत पक्के करून घेण्याचा बेत कशाच्या भरवशावर आखावा? सध्याच्या शाळेत पगाराचा आकडा फारसा मोठा नाही, पण तो बाराही महिने पाच तारखेच्या आत बँकेत जमा होतो आणि माझ्या मुलीला निम्मीच फी पडते. दोन शाळांतून विचारणा होऊनही मी गेले नाही.

निवृत्त मुख्याध्यापक: ताईंचा अनुभव मलाही पटतो. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे आणि त्यानुसार, शिक्षण सेवक (सुरुवातीला ठरावीक मानधनावर नेमलेले शिक्षक) वगळता, कायम रिक्त पदावर रीतसर नेमलेल्या शिक्षकाने दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ, म्हणजे काम पारखण्याचा काळ, पूर्ण केला की तो कायम झाला असे मानले जाते. ग्रॅच्युइटीही (सेवा संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) ग्रॅच्युइटी कायद्यातील २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. हे हक्क अनेकांना राजीनामा देतानाही माहीत नसतात, याचे मला फार वाईट वाटते. नियुक्तीपत्रातच ते स्पष्ट लिहून द्यावेत.

प्राथमिक शिक्षक: पालकांची तक्रार आल्यास मुख्याध्यापकांनी आधी शिक्षकाचे म्हणणे ऐकावे आणि मुलांसमोर त्याला बोलू नये. यासाठी संस्थेला एक रुपयाही लागत नाही.

पर्यवेक्षिका: सर्वांचे मनापासून आभार. मे महिन्याच्या पगाराचा हिशेब मांडून तो येत्या बैठकीत ठेवते. पुरस्काराचा विषय त्यानंतर घेऊ.